वरून सगळी घरंच दिसतात

सर्व संबंधितांस, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्या सर्वांस, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की ट्रकवरून येणारं प्रत्येक घर हे घर नसतं. काही घरं गाड्या असतात. हा फरक ज्यांना ठाऊक नाही त्यांनी कृपया उभं राहावं, आपल्या अज्ञानाबद्दल क्षणभर शांतता पाळावी आणि मग जमिनीवर पालथं पडून आपल्या घराखाली बघावं.

ही घोषणा माझी नाही. इथे परदेशात, ईस्ट टामाकीतल्या आमच्या कारखान्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, काका ती प्रत्येक नव्या माणसासमोर करत. करताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असे की नवा माणूस खरोखर उभा राही. मीही राहिले होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात अर्धं बिस्किट आणि नोकरीचा पहिलाच दिवस.

"बसा," काका म्हणाले. "प्रामाणिक आहात. पुढे चांगलं होईल तुमचं."

आमचा कारखाना घरं बनवतो. शेडच्या एका टोकाला लाकूड आत येतं आणि दुसऱ्या टोकाने, पडदे लावायचे तेवढे राहिलेलं दोन बेडरूमचं घर बाहेर पडतं. मग ते ट्रकवर चढून कुणाच्या तरी सेक्शनवर जातं. सेक्शन म्हणजे इथला प्लॉट. तिथे जमिनीत पुरलेल्या खांबांवर ते बसतं, नळ आणि ड्रेनेज जोडलं जातं, कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येऊन सही करतो, आणि झालं. ते घर पुन्हा हलत नाही. मी नकाशे काढत असे आणि काका तपासनीस होते. त्याआधी चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं ट्रकच्या चासी तपासल्या होत्या. म्हणजे अर्धं आयुष्य चाकांखाली आणि उरलेलं जोत्याखाली. उभ्याने जग बघायची सवय त्यांना फारशी नव्हतीच.

"पण काका, आपलीही घरं ट्रकवरूनच जातात की," मी पहिल्या आठवड्यात वाद घातला.

"बाळ हॉस्पिटलातून गाडीत बसून घरी येतं," काका म्हणाले. "म्हणून त्याला ड्रायव्हर म्हणायचं का?"

त्यांचं शास्त्र असं की कारखान्यातलं घर ट्रकवरून एकदाच प्रवास करतं, तोही पाहुण्यासारखा. ट्रक त्याचा नसतो. ज्याची स्वतःची चासी, स्वतःची चाकं, पुढे ओढायचा दांडा आणि मागे नंबरप्लेट, ती गाडी. मग तिला खिडकीत जाळीचे पडदे लावा, दारावर तोरण बांधा किंवा आत संगमरवरी ओटा बसवा. घराला कौन्सिलची परवानगी लागते, गाडीला वॉरंट, म्हणजे रस्त्यावर चालायला लायक असल्याचा दाखला, लागतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही ते कोंबड्यांचं खुराडं.

"वरून सगळी घरंच दिसतात," काका म्हणत. "खाली बघा."

आणि ते बघत! आमच्या मंडळींत कुणी घर घेतलं, वास्तुशांतीला बोलावलं, की काका सिल्कचा कुर्ता घालून येत आणि हातातल्या पिशवीत बॉयलर सूट आणत. यजमानांना नमस्कार, हातात भेटवस्तू, आणि पुढच्या मिनिटाला गॅरेजआड कपडे बदलून, कपाळावर दिवा बांधून, घराखाली गडप. इथली बरीच घरं खांबांवर असतात, खाली सरपटत जाता येईल एवढीच जागा. यजमानीणबाई तीर्थाची वाटी घेऊन शोधत असत, "अहो, काका आत्ता तर आले होते," आणि काका त्यांच्या पायांच्या बरोबर खाली असत.

हॅमिल्टनला जे झालं त्याचे तर मी आजही अभिनयासह प्रयोग करते. तिथल्या 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यातला एक इंजिनियर, त्याचं नवं घर, सत्तर पाहुणे. गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहिणारे, पण शनिवार-रविवार आवाज काय खणखणीत! पूजा रंगात आली होती. गुरुजींनी डोळे मिटले आणि भरल्या गळ्याने विचारलं, "हे वास्तुदेवते, तू या घरात संतुष्ट आहेस ना?"

आणि पाटाखालून, फळ्यांमधून, गंभीर आवाज आला, "नाही! ईशान्येचा खांब अधांतरी आहे!"

गुरुजींच्या हातातली पळी पडली. यजमानांच्या आईने जागच्या जागी साष्टांग नमस्कार घातला. मला माहीत होतं कोण बोलतंय, पण मी सांगितलं नाही. आयुष्यात असे क्षण किती येतात? पाच मिनिटांनी काका कोळिष्टकांनी भरलेले वर आले, "पाचर मारलीय, आता आहे संतुष्ट," म्हणाले, हात धुऊन जेवायला बसले आणि तीन वेळा मसालेभात घेतला. खांब खरंच अधांतरी होता, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला वाटेल मी एका येड्याची गोष्ट सांगतेय.

त्यांच्या शास्त्राचं सगळ्यात जाचक कलम पायताणाचं होतं. घरात ते उंबऱ्याबाहेर बूट काढत आणि जोडी भिंतीला समांतर लावत. पण चाकांवरच्या घरात बुटांसकट शिरत. आत गालिचा असो, देव असोत, बाळ रांगत असो. "गाडीत बसताना कुणी चपला काढतं का?" लोक चिडत. काकांचा त्यात हट्ट नव्हता, तत्त्व होतं. तत्त्व जास्त चिखल आणतं, एवढंच.

स्वतः काका भाड्याच्या युनिटमध्ये राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पर्थला. "काका, तुम्ही का नाही घेत घर?" असं विचारलं की म्हणत, "अजून खाली बघतोय."

आता शुभांगीची गोष्ट.

शुभांगी सांगलीची. टौरंगात नर्स, आमच्या सगळ्यांची लाडकी. वडील गेल्यावर आईने सांगलीचं घर विकलं आणि कायमची लेकीकडे आली. त्या दोघींनी मिळून चाकांवरचं एक छोटं घर घेतलं आणि गावाबाहेरच्या एका किवीफळांच्या बागेत, मालकाच्या परवानगीने, उभं केलं. मालक सत्तरीचा, हिवाळ्यातही जँडल, म्हणजे रबरी स्लिपर, घालून फिरणारा. कशालाही "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', म्हणणारा. घर खरंच सुंदर होतं. वर माळा, खाली ओटा, खिडकीत मिरचीची कुंडी. आईचा तिथे जीव रमला. जगात तिच्यासाठी तेवढा एकच उंबरा उरला होता.

आईने वास्तुशांती ठरवली. काकांना फोन गेला.

"गाडीची वास्तुशांती?" काका फोनवर म्हणाले. "मग पुढच्या महिन्यात माझ्या टोयोटाचं बारसं करतो. सगळ्यांनी या."

आईने फोन ठेवला. त्यातून त्याआधी एकदा काका तिथे बुटांसकट आत जाऊन आले होते आणि आईने एक शब्द न बोलता त्यांच्या मागोमाग फरशी पुसत दारापर्यंत सोडलं होतं. त्या दोघांत आता फक्त युद्ध व्हायचं बाकी होतं.

वास्तुशांती झाली, सांगलीच्या गुरुजींनी व्हिडिओवरून सांगितली. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरायचा असतो हे आईला माहीत होतं, पण चाकांवरच्या घरात पुरायचा कुठे? गुरुजी म्हणाले, कोपऱ्याच्या बरोबर खाली जमिनीत ठेवा, घराला जोडून घ्या, आणि पक्का बसवा. हलता कामा नये. शुभांगी कामात कधी कुचराई करत नाही. तिने आग्नेय चाकामागे खड्डा खणला, पितळी डबीत वास्तुपुरुष ठेवला, वर चार पोती काँक्रीट ओतलं, आणि ते ओलं असतानाच त्यात रोवलेली पोलादी पट्टी वर चासीला बोल्टने आवळली.

वास्तुपुरुष हलला नाही. घरही हलेना.

दोन महिन्यांनी कौन्सिलचा माणूस आला. कुणीतरी कळवलं होतं. उंच, तरुण, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, पण बोलायला अगदी नम्र. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, फेरी मारली, वाकला, आणि ती पट्टी बघून थबकला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही जर चाकांवर चालणारी गाडी असेल तर तक्रार नाही. पण ही जमिनीला जखडलेली आहे, दोघी कायम राहतात, म्हणजे ही इमारत झाली, आणि या इमारतीला परवानगी नाही. येत्या शुक्रवारी तो पुन्हा येईल. त्याच्यासमोर ती हलवून दाखवली तर ठीक. नाहीतर इथून काढावी लागेल.

शुभांगीने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. नर्स आहे, तिला ती सवय नाही. फक्त म्हणाली, "ताई, आई बॅग भरतेय. मी विचारलं कुठे जायचं, तर म्हणते, माहीत नाही, पण भरलेली असावी."

मी काकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, 'मी सांगितलं होतं.' त्यांनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली, आपल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "शुक्रवारी रजा टाकतो." नऊ वर्षांत काकांनी रजा टाकली नव्हती. मीही सिकी टाकली, म्हणजे आजारी असल्याचा फोन केला. तसं आजारी असण्याइतका उत्साह अंगात होताच.

गुरुवारी संध्याकाळीच आम्ही टौरंगाला पोचलो. काका नमस्कारही न करता खाली गेले. आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

"बोल्ट गंजून बसलेत, पट्टी कापावी लागेल," खालून आवाज आला.

"वास्तुपुरुषाला हात लावायचा नाही!"

"ताई, त्याच्यामुळेच घर जातंय तुमचं."

"देवाच्या नावाने बोटं मोडू नका, भाऊ! आणि परवा तर गाडी म्हणत होतात!"

मग काका सरपटत बाहेर आले आणि तिच्यासमोर गवतावरच मांडी घालून बसले. "ताई, ऐका. वास्तुपुरुष जमिनीचा की घराचा?"

"घराचा."

"मग घर चालेल तिथे तो चालेल. मी त्याला काढून डबीसकट चासीलाच बसवतो. त्याच आग्नेय कोपऱ्यात."

"घर हललं की कोपरा फिरला. आग्नेयेची वायव्य झाली म्हणजे?"

मला वाटलं, संपलं. पण काकांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मी टाळ्याच वाजवायची बाकी होते. या बाईने त्यांना अभियांत्रिकीचा प्रश्न घातला होता! ते उठले, खिशातून होकायंत्र काढलं, बागेच्या वाटेवर दोरी धरली आणि खुंट्या ठोकल्या. "सरळ दहा मीटर पुढे, सरळ दहा मीटर मागे. वळायचं नाही. एक अंशानेही दिशा बदलणार नाही. शब्द देतो."

आईने दोरीकडे बघितलं, होकायंत्राकडे बघितलं, मग काकांकडे. "हळू काढा," म्हणाली.

शुक्रवारी सकाळी काका छिन्नी-हातोडा घेऊन दोन तास खाली होते, आणि आई खुर्ची घेऊन वर.

"हळू, भाऊ! पायाला लागेल त्याच्या!"

"पालथे आहेत ते. इकडे पाठ आहे."

"मग पाठीला लागेल!"

डबी निघाली. आईने ती पुसली, हळदकुंकू वाहिलं, आणि काकांनी ती पोलादी कप्प्यात ठेवून चार बोल्टनी चासीला आवळली. "झाला गाडीचा पार्ट," ते म्हणाले.

"पार्ट म्हणू नका!"

मग काकांनी तालीम घेतली. कौन्सिलच्या साहेबासमोर कुणीही 'हाऊस' किंवा 'होम' असा शब्द काढायचा नाही. फक्त 'व्हेइकल'. शुभांगीकडून दहा वेळा म्हणून घेतलं, माझ्याकडून दहा वेळा. आईने म्हणायला साफ नकार दिला, तेव्हा तिने गप्प बसायचं ठरलं. तुळस कुंडीत हलवली, गॅसचा सिलिंडर बंद केला, बशा टॉवेलात गुंडाळल्या. काकांनी मालकाच्या झाडाची चार लिंबं तोडली आणि चार चाकांखाली एकेक ठेवलं.

मालक ट्रॅक्टर घेऊन आला होता. "लिंबं कशाला?" त्याने विचारलं.

"ब्रेक टेस्ट," काका म्हणाले.

"स्वीट ॲज," मालक म्हणाला.

दहा वाजता साहेब आला. हातात फाइल, पायात तेच बूट. कापलेली पट्टी बघितली, वॉरंटचा कागद बघितला, लिंबं बघितली, आणि मनाचा मोठा माणूस, काही विचारलं नाही. काकांनी दांडा ट्रॅक्टरला जोडला, साखळी लावली, दोन पावलं मागे येऊन हात वर केला. एखाद्या बॅंडमास्तरासारखा. खाली आणला.

ट्रॅक्टर घुरघुरला. साखळी ताठ झाली. दांडा कुरकुरला. घर जिथल्या तिथे!

मालकाने पुन्हा जोर दिला. ट्रॅक्टरची मागची चाकं गवत उडवायला लागली. शुभांगीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखांच्या खुणा आठवडाभर होत्या. साहेबाने पेनाचं टोपण काढलं. अरे, थांब की जरा!

काका पळाले. बासष्टीचा माणूस, मी त्यांना पळताना आजवर बघितलं नव्हतं. धाडकन पालथे पडले आणि खाली दिसेनासे झाले. टण्ण! शांतता. टण्ण! टण्ण! मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक गंजून चिकटला होता, इतके महिने ओल्या गवतावर उभं राहून. चौथ्या घावाला काहीतरी सुटल्याचा असा गोड आवाज आला की मी किंचाळले. काका बाहेर आले, चेहरा काळा, आणि ट्रॅक्टरकडे बघून ओरडले, "गो!"

आणि ते निघालं! देवाशपथ सांगते, अख्खं घर, माळा, मिरचीची कुंडी, दारावरचं तोरण, सगळं हलत-डुलत वाटेला लागलं! फट्! फट्! लिंबं फुटली. शुभांगी उड्या मारत होती, मालक हॉर्न वाजवत होता, बागेतले कामगार वेलींखालून बाहेर येऊन शिट्ट्या मारत होते. आणि तेवढ्यात खिडकीचा पडदा बाजूला झाला. आत आई! वास्तुपुरुषाला एकटं जाऊ द्यायचं नाही म्हणून कुणाला न सांगता आतच बसून राहिलेली, खिडकीची कड धरून, डोक्यावर पदर, वरातीतल्या नवरीसारखी. तिने आम्हाला हात केला. साहेबानेही नकळत तिला हात केला.

काका घराबरोबर चालत होते, एक हात भिंतीवर ठेवून. डोळे दोरीवर. दहा मीटर पुढे, दहा मीटर मागे. जागेवर आल्यावर त्यांनी होकायंत्र काढलं, बघितलं आणि आईकडे मान हलवली. आग्नेय आग्नेयेलाच.

साहेबाने आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. वाहन, चालू स्थितीत, कारवाई नाही. सही केली, प्रत शुभांगीच्या हातात दिली आणि काकांना म्हणाला, "नाइस जॉब, मेट." शुभांगीने तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि मग मात्र रडली.

काकांनी तिकडे बघितलं नाही. ते आईकडे बघत होते. तिने खाली उतरून उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, पाण्याचा तांब्या ओवाळला, उजवं पाऊल आत टाकलं आणि आत जाऊन आधी सिलिंडर चालू करून चहाचं आधण ठेवलं. मग ती दारात आली. हसून, हातानेच, साहेबाला आत बोलावू लागली. चहा, चहा.

साहेब खूश झाला. फाइल काखेत मारली आणि आपला भलामोठा, चिखलाने लडबडलेला बूट त्या ताज्या हळदकुंकवाच्या उंबऱ्यावर ठेवायला उचलला.

आणि काका, नऊ वर्षं आम्हाला फरक शिकवणारे काका, सकाळपासून शब्द गिळायला लावणारे काका, अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीतच, ओरडले:

"अहो साहेब, बूट! बूट काढा आधी, घर आहे ते!"